शिकलाण

मी जन्मले त्या वस्तीचं नाव शिकलाण. औरंगाबादच्या छावणीच्या मागच्या अंगाला, फौजेची हद्द संपून जिथं खाम नदीकडं उतार लागतो, तिथं दगडी भिंतींची एक लांबच लांब पडकी ओळ उभी होती. छप्पर कधीच गेलेलं. भिंतींत थोड्याथोड्या अंतरावर लोखंडी कड्या ठोकलेल्या आणि पुढं गुडघाभर उंचीचा लांबट दगडी हौद. त्या भिंतींना टेकून, वर पत्रे नि कपाशीच्या पळाट्या टाकून जी काही घरं उभी राहिली, त्यांतलं एक आमचं.

माझे आईवडील मूळचे फर्दापूरकडचे. मेंढरं राखणारी माणसं. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत त्यांनी गाव सोडलं, कुठं कुठं रानोमाळ राहिले, आणि निजामाचं राज्य गेल्यावर, सगळं निवल्यावर, मेंढरं हाकत औरंगाबादच्या शिवारात आले. अक्का, माझी मोठी बहीण, तेव्हा मायच्या काखेत होती. त्या पडक्या भिंतींपाशी वारा अडत होता आणि हौदात पाणी साचलेलं होतं. मेंढरांना तेवढं पुष्कळ. मायनं तिथून जाणाऱ्या कुणाला तरी विचारलं, "बाबा, या जागंला काय म्हणत्यात?" तो म्हणाला, "शिकलाण."

मायनं डोक्यावरचं गाठोडं तिथंच खाली ठेवलं.

हा प्रसंग तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितला होता की मला तो मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. मायला अक्षर येत नव्हतं. तिच्या गावात शाळा होती ती उर्दू, आणि तीही पाटलाच्या पोरांसाठी. त्यामुळं शिकणं ही गोष्ट तिनं लांबूनच पाहिलेली. शिकलाण म्हणजे शिकलेल्यांची जागा, इथं आधी मोठी शाळा असणार, म्हणून तर एवढ्या लांब भिंती, असं तिनं धरून टाकलं. वडील हसायचे. म्हणायचे, "आगं, शाळंत हौद कशाला?" ती म्हणायची, "पोरं तान्हेली व्हत नसतील का?"

वडील वर्षाचे सहा-आठ महिने मेंढरांमागं फिरतीवर. सुगी झाली की शेतकऱ्यांच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत ते पार हर्सूलच्या पलीकडं, कधी गोदावरीकाठच्या गंगथडीपर्यंत जायचे. घरी माय, अक्का, मी आणि चार शेळ्या. माय शेळीचं दूध छावणीतल्या दोन-तीन घरी घालायची, उरलेल्या वेळात लोकर कातायची. अक्का सहा वर्षांची झाली तेव्हा मायनं तिला हाताला धरून शाळेत नेलं. शाळा आता मराठी झाली होती. आमच्या भावकीत पोरीला शाळेत घालणं हा चेष्टेचा विषय होता. एक चुलती तोंडावर म्हणाली, "पोरगी शिकून काय मेंढरं मोजणार हाय?" मायनं शांतपणं सांगितलं, "शिकलाणीत ऱ्हाऊन नाय शिकायची, तर मंग कुठं शिकायची?"

मायपाशी कारण होतं, आणि ते कारण म्हणजे वस्तीचं नाव.

अक्का हुशार होती. तिच्याबद्दल मी हे बहीण म्हणून म्हणत नाही. दगडी भिंतीवर कोळशानं ती पाढे लिहायची, आणि मी लिहायच्या वयाची होण्याआधीच मला अक्षरं ओळखता येत होती ती तिच्या त्या भिंतीमुळं. संध्याकाळी ती मायला धडा वाचून दाखवायची. माय लोकर कातत ऐकायची, आणि मध्येच हात थांबवून म्हणायची, "ते परत वाच गं."

आमच्या शेजारी, ओळीच्या शेवटच्या खोलीत, एक म्हातारे नालबंद राहायचे. सगळी वस्ती त्यांना चाचा म्हणायची. घोड्यांच्या टापांना नाल ठोकण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता टांग्यांची घोडी तेवढी उरली होती, तीच त्यांच्याकडं यायची. त्या वस्तीत पूर्वीपासून राहिलेले ते एकटेच. बाकी आम्ही सगळे नंतर येऊन टेकलेलो.

अक्का पाचवीत गेली आणि तिला इंग्रजी सुरू झालं. एक-दोन वर्षं गेली असतील. एक दिवस ती शाळेतून आली ती दप्तर न ठेवता सरळ चाचांकडं गेली. मी तिच्या मागं. चाचा एका घोडीचा पाय मांडीवर घेऊन कानस मारत होते.

"चाचा," अक्का म्हणाली, "आपल्या वस्तीचं नाव इंग्रजी हाय का?"

चाचांनी कानस थांबवली. "तेरेकू कौन बोल्या?"

"कुनी नाय. आज शाळेत एक शब्द आला. सिक. म्हंजे आजारी. आन् तुमी नेमी सिकलैन म्हनता. आमी शिकलाण म्हनतो, पर तुमी तसं म्हनत नाय."

चाचांनी घोडीचा पाय खाली सोडला. मग हसले, आणि त्यांनी सांगितलं. इंग्रजांची घोडदळाची पलटण छावणीत होती तेव्हा त्यांचे वडील तिथं नालबंद होते आणि चाचा लहान होते. ही जागा आजारी घोड्यांची. सिक लाइन्स. एखाद्या घोड्याला खोकला लागला, नाकातून पाणी आलं, पाय मोडला, की त्याला बाकीच्या घोड्यांपासून तोडून इथं आणायचे. भिंतीतल्या कड्यांना बांधायचे. हौदही वेगळा, कारण आजारी घोड्याचं उष्टं पाणी चांगल्या घोड्याला चालत नसे. जे बरे व्हायचे ते परत जायचे. जे व्हायचे नाहीत त्यांना मागच्या उतारावर नेऊन गोळी घालायचे. "गोरे साब लोगां सिक लाइन्स बोलते थे," चाचा म्हणाले, "हमारे लोगां सिकलैन. फिर तुम लोगां आये, शिकलाण हो गया. नाम का क्या है बेटी, जिसके मुँह में गया उसका हो गया."

घरी जाताना अक्का पुढं चालत होती. हौदापाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "मायला सांगू नको."

"कामून?"

"तिला शाळा वाटती ना. वाटू दे."

मी कधीच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला भिंतीतल्या कड्या वेगळ्या दिसायला लागल्या. तोवर आम्ही त्यांना शेळ्या बांधायचो.

अक्का आठवीत होती तेव्हा तिला ताप आला. पावसाळा संपत आलेला. आधी वाटलं साधा ताप, उतरेल. मायनं काढे दिले. आठवडा गेला तरी उतरेना, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला, औषधं दिली. तिथं खाटा भरलेल्या, व्हरांड्यात एक जागा मिळाली. माय तिच्या उशाशी बसून राहायची आणि मी शेळ्या सांभाळून, भाकरी घेऊन चालत जायची. अक्काचे केस कापले होते. ती मला ओळखायची, पण बोलायची काहीतरी भलतंच, बहुतेक पाठ केलेलं. एकदा तिनं इंग्रजी कवितेच्या ओळी म्हटल्या, सगळ्या, न चुकता. माय आजूबाजूच्या बायांना सांगत होती, "विंग्रजी हाय ते. मह्या पोरीला येतंय."

मध्ये दोन दिवस ताप उतरला. अक्कानं पेज मागितली. माय घरी आली, डोक्यावरून पाणी घेतलं, पेज रांधली. ती घेऊन आम्ही दोघी परत गेलो तर अक्काचं पोट फुगलेलं आणि चेहरा राखेसारखा. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

वडील गंगथडीला होते. निरोप धाडला, पण फिरत्या माणसाला निरोप कसा गाठणार? आमच्यात लग्न न झालेल्या पोरीला पुरतात. चाचांनी आणि वस्तीतल्या माणसांनीच मागच्या उतारावर खड्डा खणला. तो उतार कोणता हे मला ठाऊक होतं. मी चाचांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते खणत राहिले.

वडील आले तेव्हा मातीवर गवताचे कोंब दिसायला लागले होते. मेंढरं हौदावर पाणी पीत होती आणि ते त्यांच्यामध्येच उभे राहिले, सगळी मेंढरं पिऊन बाजूला झाली तरी तसेच. मग मायनं जाऊन त्यांच्या खांद्यावरची घोंगडी काढून घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी माय पुन्हा दूध घालायला निघाली, मला सोबत घेऊन. छावणीतल्या एका घरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मायला आत बसवलं, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. धीर देता देता त्या म्हणाल्या, "तुम्ही ती जागा सोडा हो आता. चांगली नाही ती. नावातच आजार आहे तिच्या. आमच्या ह्यांनी सांगितलं, इंग्रजीत तसाच अर्थ होतो म्हणे. आजाऱ्यांची ओळ."

मायनं कप खाली ठेवला. "कशाची वळ?"

"आजाऱ्यांची."

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. मायला कशाचं तरी कारण हवं असेल, असं त्यांना वाटलं असावं. माय उठली. बाकीची घरं न करता, दुधाची चरवी तशीच भरलेली घेऊन ती परत फिरली. रस्ताभर ती इतक्या भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं. घरी न जाता ती थेट चाचांच्या दारात जाऊन उभी राहिली. चाचा खाटेवर बसून चिलीम भरत होते.

"चाचा, तुमी इथं लहानपनापासून हात. खरं सांगा. शिकलाण म्हंजे काय?"

चाचांनी वर बघितलं. आधी तिच्याकडं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं. मला माहीत होतं हे त्यांना माहीत होतं. आता ते सांगणार आणि माय काय करणार, हे मला समजत नव्हतं.

"आजाऱ्यांची वळ म्हनत्यात," माय म्हणाली. "मी मह्या लेकरांला आजाराच्या जागी आनून ठिवलं का? शाळा समजून? सांगा!"

चाचांनी चिलीम बाजूला ठेवली. "कौन बोल्या? झूठ है," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "यहाँ सिखलाई होती थी, अम्मा. नये घोडे आते थे, कच्चे, जंगली. उनकू यहाँ सिखाते थे. चलना, रुकना, बंदूक की आवाज से नई डरना. सिखलाई लैन बोलते थे इसकू. घोड्यांची शाळा. तुमने सच्चीच समझी थी."

"घोड्यांची शाळा?"

"हौ."

मायनं हातातली चरवी माझ्याकडं दिली. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. चाचा उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी चरवी धरून उभी होते.

पुढं एकदा मी चाचांना एकटं गाठून म्हटलं, "तुमी मायला खोटं सांगितलं."

"हौ बेटी," ते म्हणाले. "और क्या बोलता?"

नंतर वडिलांनी जागा सोडायचं काढलं. हर्सूलच्या तलावाकडं त्यांच्या ओळखीच्यांची वस्ती होती, तिथं गवतही चांगलं होतं. शाळा मात्र नव्हती. माय म्हणाली, "तुमी मेंढरं न्या. मी या पोरीला घेऊन इथंच ऱ्हाते." आणि तशी ती राहिली. सकाळी शाळेत जाताना ती मला उतारावर नेऊन अक्काच्या मातीवर ठेवलेल्या दगडापाशी उभी करायची आणि म्हणायची, "अक्काला सांग, निगाले म्हून." मी सांगायची. मोठी झाल्यावर लाजत लाजत सांगायची, पण सांगायची.

मी मॅट्रिक झाले, पुढं शिकले, शिक्षिका झाले. शिकवायला मला इंग्रजीच मिळालं. चाचा मी कॉलेजात असताना गेले. त्यांच्या मागं त्यांची ऐरण कितीतरी दिवस दारात पडून होती, मग तीही कुणी उचलून नेली.

वस्ती वाढत गेली. नदीच्या बाजूनं पक्की घरं झाली, वीज आली, नळ आला. रिक्षावाले 'शिकलान नाका' म्हणायला लागले. नव्यानं राहायला आलेल्या लोकांना मात्र ते नाव आवडत नसे. लग्न जमवताना पत्ता सांगायला बरं वाटत नाही, लोक नाव ऐकून हसतात, असं त्यांचं म्हणणं. कुणी म्हणे शिकलाण हा मुळात अपभ्रंश आहे, मूळ नाव श्रीकल्याण असणार, इथं जुन्या काळी कल्याणस्वामी नावाचे कुणी साधू राहून गेले. त्या साधूंबद्दल आम्ही जुन्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं, पण बघता बघता नाक्यावरच्या ओट्यावर त्यांच्या पादुकाही आल्या. मग एका रविवारी वस्तीची बैठक ठरली. वस्तीचं नाव श्रीकल्याणनगर करायचं, असा ठराव होता.

वडील तेव्हा हयात नव्हते. मायला मी दोन वर्षांपूर्वीच माझ्या घरी आणलं होतं, पण बैठकीचं कळल्यावर ती म्हणाली, "मला तिथं ने." सतरंजीवर बाया एका बाजूला बसल्या होत्या. चर्चा फारशी नव्हतीच. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?" आणि माय काठीवर भार देऊन उभी राहिली.

"मही पोरगी शिकलाणीची हाय," ती म्हणाली. "तिकडं उतारावर हाय ती. तुमी नाव बदलल्यावर ती कुठली म्हनायची?"

कुणी हसलं नाही. एक तरुण उठून अदबीनं म्हणाला, "आजी, जागा तीच राहणार ना. नाव फक्त चांगलं होतंय."

"ह्ये काय वंगाळ हाय?"

तो खाली बसला. अध्यक्ष म्हणाले, "आजींच्या भावना आम्ही समजू शकतो," आणि हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. माय तोवर खाली बसली होती.

परत येताना तिनं रिक्षा करू दिली नाही. पुलाच्या कठड्यापाशी दम खायला थांबलो, तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू विंग्रजी शिकवतीस. आता खरं सांग. काय व्हतं त्ये?"

मी पन्नाशीला टेकलेली बाई. अक्काचं 'मायला सांगू नको' हे सांगणं जवळजवळ चाळीस वर्षं मी पाळलं होतं. पण ते नाव आत्ताच संपलं होतं आणि चाचांनी सांगितलेला त्याचा खरा अर्थ ठाऊक असलेली मी एकटी उरले होते. मी सांगितलं. आजारी घोडे. वेगळा हौद. मागचा उतार. अक्कानं हे शोधून काढलं होतं, हेही सांगितलं.

मायनं कठड्यावर हात टेकून खाली बघितलं. खाली नदीत पाणी नव्हतंच, काळा चिखल होता.

"अक्काला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन् तरी ती मला धडा वाचून दावायची."

"व्हय, माय."

ती पदरानं डोळे पुसायला लागली. मला वाटलं, मी चूक केली. मग ती म्हणाली, "त्या चाचानं तवा सांगितलं नाय, लई बरं केलं. तवा सांगितलं असतं ना, तर मी तुला घेऊन त्याच दिशी निगाले असते. तू मेंढरामागं गेली असतीस."

"तुला तेव्हा खरं वाटलं होतं का, त्यांचं सांगनं?"

"वाटून घेतलं," माय म्हणाली. "दुसरं काय करणार व्हते?"

त्यानंतर ती चारेक वर्षं जगली. नव्या नावाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही, आणि शिकलाण हा शब्दही तिच्या तोंडून गेला. आधी बोलता बोलता "आमच्या शिकलाणीत" असं सहज यायचं, त्याऐवजी ती आता "तिकडं" म्हणायची. मी तिला खरं सांगून तिच्याकडून काय काढून घेतलं, हे मला तेव्हा समजलं. पण तिनं विचारलं होतं, आणि खोटं बोलायला चाचांइतकं मोठं मन लागतं.

उतारावर आता इमारती आहेत. माझ्या डोळ्यांदेखत तिथं पाया खोदला गेला. त्याच्या आधी मी आणि माझ्या नवऱ्यानं अक्काचा दगड शोधायचा प्रयत्न केला होता. मुरमाच्या ढिगात सारखेच दिसणारे पुष्कळ दगड होते. एक उचलून मी बराच वेळ हातात धरला, मग तोही खाली ठेवला, कारण खात्री वाटेना. शहराचंही नाव आता बदललं आहे. पत्ता लिहिताना मी नवं नाव लिहिते, माझी नातवंडंही तेच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ते अगदी सहज बसलं आहे. मागं एकदा धाकट्या नातीनं विचारलं, "आजी, तू लहानपणी कुठं राहायचीस?" मी म्हटलं, छावणीच्या मागं. तिनं पुढं विचारलं नाही, आणि खेळायला निघून गेली.